पहारेकरणीची साक्ष

१२ मे

पुढील पत्रव्यवहारातून मला एकच गोष्ट सिद्ध करावयाची आहे: आमच्या रॉक ऑपेराच्या चौथ्या अंकातील शेवटचे गाणे शब्दांविना राहिले, याची जबाबदारी माझ्यावर येत नाही.

प्रतिज्ञा नकारार्थी आहे, आणि नकारार्थी प्रतिज्ञा सिद्ध करणे जड जाते, असे मी चौतीस वर्षे तर्कशास्त्राच्या वर्गात सांगत आलो. तरीही हे काम अंगावर घेतो, कारण आरोप लेखी झाला आहे. आरोप करणारे गृहस्थ आमच्या चमूत बास गिटार वाजवतात. पेशाने जमिनीची मोजणी करतात, म्हणून सगळे त्यांना मोजणीदार म्हणतात. ड्रम वाजवणाऱ्यांची पावाची भट्टी आहे, ते पाववाले. चाली आणि गिटार माझ्या भाचीची, जिला घरात लहानपणापासून ठिणगी म्हणतात. शब्द माझे. गायिकेला आम्ही तिच्या भूमिकेवरून पहारेकरीण म्हणतो. भाचीखेरीज यांपैकी कोणालाही मी पाहिलेले नाही. प्रत्येक जण आपापल्या शहरात, आपापल्या खोलीत, कानात एकाच गतीचा ठोका लावून आपला भाग ध्वनिमुद्रित करतो आणि सामायिक फोल्डरमध्ये ठेवतो. भाची ते भाग एकमेकांवर बसवते.

पत्रे तारखेनुसार लावली आहेत. गैरसोयीचे म्हणून एकही वगळलेले नाही.

*

३ ऑक्टोबर

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

मायना चुकला असेल तर लाल शाईने खूण करून परत पाठवा, म्हणजे तुमची तब्येत ठीक आहे हे मला कळेल.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत उभ्याउभ्या लिहितेय. बसलं की पाय हलायला लागतात आणि समोरची ओरडते. आमच्याकडे पुठ्ठ्याची खोकी कापणारं एक यंत्र आहे. तीन ठोके, मग एक गिळलेला, मग पुन्हा तीन. दोन वर्षं ते डोक्यातून जात नाही. शेवटी त्यावर एक चाल बांधली. मग दुसरी. आता अकरा झाल्यात आणि त्या सगळ्या एकाच गोष्टीच्या आहेत, हे मला गेल्या आठवड्यात कळलं.

रॉक ऑपेरा म्हणजे नाटकच, फक्त कुणी बोलत नाही, सगळे गातात आणि मागे गिटारी किंचाळतात. गोष्ट सोबत जोडली आहे. एका पुलाची आहे, पण खरं तर खटल्याची आहे. माझ्या ओळखीत खटला चालवल्याशिवाय चहासुद्धा न पिणारा माणूस एकच, म्हणून तुम्हाला विचारतेय. शब्द लिहाल?

तुमची ठिणगी

*

९ ऑक्टोबर

चि. ठिणगीस अनेक आशीर्वाद.

मायना बरोबर आहे. तब्येतही.

तुझी कथा वाचली. ती माझ्या शब्दांत मांडतो. चुकत असेन तर सांग. पुलाच्या टोकाशी एक चौकी आहे. तेथे एक स्त्री नऊ वर्षे पहारा करते. एका सकाळी ती अचानक फाटक लावते, लोकांना मागे लोटते, शिव्या खाते, आणि थोड्या वेळाने पूल कोसळतो. कोणीही मरत नाही. न्यायालय तिला विचारते, तुला कसे कळले? ती म्हणते, पुलाचा आवाज बदलला होता. यावर न्यायालयाचा पेच असा: तुला आधीच ठाऊक असेल तर तू कटात सामील होतीस, ठाऊक नसेल तर तू विनाकारण रस्ता अडवलास. दोन्ही बाजूंनी ती दोषी. हा पेच उत्तम आहे. मी शब्द लिहीन.

माझ्या चार अटी आहेत. शब्दांत बदल हवा असेल तर लेखी कारण द्यावे. ऑपेरा पूर्ण होईपर्यंत मी फोल्डरमधील काहीही ऐकणार नाही, केवळ वाचीन. संगीत ही एक प्रकारची लाच आहे, आणि वाईट ओळ चांगल्या चालीत बसली की निर्दोष सुटते. चमूतील कोणाचे नाव काय, कोण कोणाचा लागतो, हे मला सांगू नये. कामाने ओळख व्हावी. आणि चौथी अट: आजारपण, नातीगोती, घरातील अडचणी ही कामातील कारणे म्हणून पुढे करू नयेत. कारण वैयक्तिक असेल तर तो युक्तिवाद नव्हे.

शेवटच्या दोन तुला कठोर वाटतील. परंतु कामात घर शिरले की काय होते, हे आपल्या घराने अकरा वर्षांपूर्वी पाहिले आहे. तुझ्या आईला माझा निरोप सांगण्याचे कारण नाही.

तुझा मामा

*

१५ ऑक्टोबर

ती. मामा,

अटी सगळ्यांना पाठवल्या. पाववाले म्हणाले, माझ्या सासऱ्यांनीसुद्धा एवढ्या घातल्या नव्हत्या. मोजणीदारांनी उत्तरात फक्त ‘मान्य’ लिहिलं. ते शब्दसुद्धा साखळीने मोजून टाकतात.

आणि गाणारी मिळाली. कोण ते विचारू नका, तुमचीच अट. एवढंच सांगते की तिने तुमच्या चारही अटी दोनदा वाचल्या आणि बराच वेळ हसत राहिली. मग म्हणाली, गाते.

ठिणगी

*

१० जानेवारी

ती. मामा,

तीन अंक झाले! मला झोप नाही, पण ती तशीही कधी नव्हती. कामावर खोक्यांच्या कडा तपासताना मी आता माणसांच्या ओळी तपासते. काल एक अख्खा गठ्ठा उलटा पुढे गेला आणि मुकादमाने मला दोन तास तेवढंच ऐकवलं.

पाववाल्यांच्या ट्रॅकमध्ये भट्टीच्या घड्याळाची टिटी शिरली होती. ते पुन्हा वाजवून पाठवतो म्हणाले, पण ती नेमकी फाटक बंद होतानाच वाजते, म्हणून ठेवली. आता ती पुलाची घंटा आहे.

एक आक्षेप आहे, लेखी कारणासकट. दुसऱ्या अंकात तुम्ही पहारेकरणीच्या तोंडी ‘निःसंशयपणे निर्विवाद’ असं घातलंय. गाणारी म्हणते, तिथे श्वास घ्यायला जागा नाही. तिचे शब्द तसेच्या तसे देते: “त्यांना सांग, युक्तिवाद करणारी माणसंही मध्ये मध्ये श्वास घेतात.”

ठिणगी

*

१६ जानेवारी

चि. ठिणगीस आशीर्वाद.

आक्षेप ग्राह्य. ‘निर्विवाद’ काढला आहे. तो अनावश्यकही होता. या बाई नेमके बोलतात. चमूतील इतरांपेक्षा त्यांच्याशी वाद घालणे मला अधिक आवडेल. माझा आदर कळव.

आता चौथा अंक. तेथे पहारेकरणीने न्यायालयाच्या पेचाला उत्तर द्यावयाचे आहे, आणि ते उत्तर मला सापडत नाही. ‘मी आवाज ऐकला’ हे विधान आहे, प्रमाण नव्हे. ऐकलेला आवाज दुसऱ्यास दाखवता येत नाही, मोजून ठेवता येत नाही, आणि नऊ वर्षांच्या सवयीला पुरावा मानले तर प्रत्येक हट्टी मनुष्य साक्षीदार ठरेल. मी तीन मसुदे फाडले. खोलीत येरझारा घालतो म्हणून खालच्या मजल्यावरील शेजारी काठीने छत ठोकतात. त्यांचे ठोके समान अंतराने पडतात. तुला उपयोगी पडतील.

तुझा मामा

*

२ फेब्रुवारी

ती. मामा,

चौथ्या अंकाचे शब्द २५ फेब्रुवारीपर्यंत हवेत. गाणं २८ ला ध्वनिमुद्रित करायचंय. चाल सोबत लिहून पाठवतेय, मात्रा मोजून. सतरा ओळींची जागा आहे. बाराव्या ओळीच्या शेवटी एक लांब सूर ठेवलाय, तिथे एकच शब्द येईल, तो तुम्ही ठरवा.

शब्द पूर्ण पटलेले नसले तरी चालतील. पाठवा.

ठिणगी

*

८ फेब्रुवारी

चि. ठिणगीस आशीर्वाद.

मुदत आजवर कधी नव्हती. अंक एक ते तीन झाले तेव्हा झाले. आता एकाएकी तारीख आली आहे, तर तिचे कारण काय? ऑपेरा कोठे सादर व्हावयाचा आहे काय? कोणाशी करार झाला आहे काय? तसे असेल तर लिही, मी रात्रीचा दिवस करीन. ‘पटलेले नसले तरी चालतील’ या वाक्याचा मला राग आलेला नाही, असे मी समजतो.

तुझा मामा

*

१४ फेब्रुवारी

ती. मामा,

कुठे सादर होत नाहीये. करार नाही. कारण आहे. ते मला सांगता येत नाही, आणि का येत नाही हे तुमच्या ९ ऑक्टोबरच्या पत्रात तुम्हीच लिहिलंय.

एक विनंती करते. तिसऱ्या अंकातलं शेवटचं गाणं ऐका. फोल्डरमध्ये आहे. पाच मिनिटांचंसुद्धा नाही. एकदाच ऐका आणि मग वाटेल ते करा, मी पुन्हा तारखेबद्दल अक्षर काढणार नाही.

मी हे पत्र चार वेळा लिहिलं. कालपासून घरभर नुसती फिरतेय. गिटारीची तार बदलायला घेतली आणि दुसरीच काढून ठेवली.

ठिणगी

*

२२ फेब्रुवारी

चि. ठिणगीस आशीर्वाद.

ऐकणार नाही. ही अट मी इतरांसाठी नव्हे, स्वतःसाठी घातली होती, आणि जी अट पहिल्या आग्रहासरशी मोडते ती अट नसून इच्छा असते. तू मला गाणे ऐकवून विरघळवू पाहतेस, हे उघड आहे.

तारखेविषयी: कारण न दिलेली तारीख ही लहर होय. सांगता न येणारे कारण हे, युक्तिवादापुरते, अस्तित्वात नसलेले कारण. तू हुशार आहेस, तुला हे कळते. काम चांगले चालले आहे. इतर सोळा ओळींवर माझा विश्वास बसत चालला आहे. बाराव्या ओळीच्या शेवटी कोणता शब्द टिकेल, एवढाच प्रश्न उरला. मार्चच्या मध्यापर्यंत तुला असे उत्तर देईन की कोणतेही न्यायालय तोंडात बोट घालील.

तुझा मामा

*

२७ फेब्रुवारी

मामा, उद्या संध्याकाळपर्यंत जे असेल ते पाठवा. अर्धं चालेल. एक कडवं चालेल.

*

१९ मार्च

चि. ठिणगीस अनेक आशीर्वाद.

सतरा ओळी सोबत आहेत.

युक्तिवाद असा बसला आहे. पहारेकरीण पेच स्वीकारतच नाही. ‘ठाऊक असणे’ आणि ‘ठाऊक नसणे’ यांच्यामध्ये ‘लक्ष असणे’ ही तिसरी अवस्था ती न्यायालयापुढे ठेवते. जो नऊ वर्षे एकच गोष्ट ऐकतो त्याला ती बिघडल्याचे कळते, बिघाड कोणता हे कळत नसतानाही. बाराव्या ओळीच्या शेवटी शब्द आहे ‘म्हणून’. तो लांब ओढावा. त्यानंतर तिने दिलेली सगळी कारणे आपोआप उभी राहतात.

आयुष्यात मी यापेक्षा चांगले काही लिहिलेले नाही. गेला आठवडा मी जेवलोही उभ्यानेच. हा दोष तुझ्याकडून आला असावा.

पहारेकरीणबाईंना विचार, या खेपेस श्वासाची जागा ठेवली आहे की नाही.

तुझा मामा

*

६ एप्रिल

ती. मामा,

शब्द मिळाले. चांगले आहेत, खरंच.

गाणारी आता गाणार नाही.

ठिणगी

*

११ एप्रिल

चि. ठिणगीस आशीर्वाद.

ज्या व्यक्तीने तीन अंक गायले तिने चौथ्याच्या उंबरठ्यावर हात झटकावेत, याचे मला आश्चर्य वाटले. माझा त्यांच्याविषयीचा अंदाज चुकला. तरीही गाणाऱ्यांची वाण नाही. दुसरी शोधावी.

फोल्डरच्या यादीत ‘अंक ४, पहारेकरीण, शब्दांविना’ या नावाची २८ फेब्रुवारीची एक नोंद दिसते. शब्द १९ मार्चला तयार झाले असल्याने ती नोंद अर्थातच अपूर्ण आहे. घोळ टाळण्यासाठी ती काढून टाकावी.

तुझा मामा

*

२ मे

ती. मामा,

दुसरी शोधलेली नाही. नोंद काढलेली नाही. मी कामावर जाते, परत येते, हेडफोन लावते, काढते.

मोजणीदारांनी सगळ्यांना एक पत्र लिहिलंय. ते कधी दोन ओळींच्या वर लिहीत नाहीत, म्हणून तुम्हाला दाखवणं मला भाग आहे: “चारही भागांच्या तारखा मी तपासल्या. ड्रम वेळेवर, बास वेळेवर, गिटार वेळेवर. शब्द एकोणीस दिवस उशिरा. शेवटचं गाणं शब्दांविना राहिलं ते या एकोणीस दिवसांमुळे. हे कुठेतरी लिहून ठेवलं पाहिजे.”

मी त्यांना थांबवलं नाही.

ठिणगी

*

वरील पत्रे मी १२ मे रोजी, सुरुवातीच्या टिपणासह, भाचीला आणि चमूला पाठवली. माझ्या मते ती पुरेशी होती: मुदतीचे कारण मागितले होते, दिले गेले नाही, सबब उशीर उशीर ठरत नाही. यानंतर आलेली दोन पत्रे आणि माझे उत्तर खाली जोडतो. प्रारंभीचे टिपण बदललेले नाही. प्रतिपक्षाचा पुरावा हाती आल्यावर आपली प्रतिज्ञा गुपचूप दुरुस्त करणारास मी वर्गातून बाहेर काढत असे.

*

१९ मे

ती. मामा,

तुमचं टिपण वाचलं. पाववाले म्हणतात, पहिल्यांदाच असा आरोपी पाहिला जो स्वतःच्या विरुद्धचे सगळे कागद क्रमाने लावून देतो.

आता चौथी अट मी मोडते. तिसरीही. विचारून मोडतेय, आईला.

पहारेकरीण आई आहे.

जानेवारीच्या अखेरीस तिच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली. शस्त्रक्रियेची तारीख पडली १ मार्च. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की एक स्वरतंतू काढावा लागेल. बोलता येईल, दम लागेल, पण गाता येणार नाही. तिच्याकडे २८ फेब्रुवारीपर्यंतचा वेळ होता आणि त्यात तिला एवढं एकच गाणं गायचं होतं. मला तुम्हाला सांगायचं होतं. ती म्हणाली, “त्याने नियम घातलाय ना, मग पाळ. दयेखातर लिहिलेले शब्द मला नकोत. तो लिहील तर गाण्यासाठी लिहील.” मी फार भांडले. शेवटी तिने एवढीच सूट दिली की तुम्हाला तिसऱ्या अंकातलं गाणं ऐकायला सांगावं. म्हणाली, ऐकलं तर त्याला सांगावं लागणार नाही.

तुम्ही ऐकलं नाहीत.

२८ ला संध्याकाळी सातपर्यंत आम्ही संगणकावरची पत्रपेटी उघडून बसलो होतो. मग ती उठली, म्हणाली, चाल तरी ठेवते. तीन वेळा गायली. तिसरी नोंद फोल्डरमध्ये आहे.

तुमच्यावर रागावले आहे की स्वतःवर, ते मला अजून सांगता येत नाही. मीही नियम पाळलाच की.

ठिणगी

*

२६ मे

दादा,

बोलते ते आता खरवडल्यासारखं येतं, आणि फोनवर समोरच्याला वाटतं लाइन खराब आहे. म्हणून लिहिते.

अकरा वर्षांपूर्वी तू माझ्या स्वयंपाकघरात बसून नऊ मुद्द्यांत सिद्ध केलंस की एका मुख्याध्यापिकेने चव्वेचाळिसाव्या वर्षी शाळा सोडून बँडबरोबर गायला जाणं हा अविचार आहे. ठिणगी दाराआडून ऐकत होती. मी म्हटलं होतं, तुझे नऊही मुद्दे बरोबर आहेत, चहा संपव आणि जा. आणि तू खरंच चहा संपवलास. कप विसळून ठेवलास. मला राग आला तो त्याचा. मुद्द्यांचा नाही.

मग ठिणगी म्हणाली, मामा शब्द लिहितोय. मला वाटलं, याने गाऊ नको म्हटलं होतं, आता याचेच शब्द गाऊन बघू. तुझ्या अटी वाचल्या आणि इतकं हसले की ठिणगी घाबरली. माणूस एवढा बदलत नाही म्हणजे काय. आणि शब्द चांगले होते रे. तिसऱ्या अंकात ती एकटी चौकीत बसते ते गाताना मला वाटलं, याला हे कुठून कळलं? जानेवारीत तू आदर कळवलास. तो कागद मी ठेवलाय.

तुझ्या सतरा ओळी वाचल्या. मी त्या गाऊ शकले असते. ‘म्हणून’ची जागा मला नीट कळली. शब्दांविना ते गाणं जास्त सुंदर झालं, असं ठिणगीचे मित्र मला समजावतात. चांगली माणसं आहेत, पण मी ते मानत नाही. तूही मानू नकोस. मला शब्द हवे होते.

आता ते दुसऱ्या कुणाकडून गाऊन घेऊ नकोस. माझ्या आवाजावर चिकटवूही नकोस. नोंद अपूर्ण आहे, काढून टाकावी, असं तू लिहिलंस म्हणे. काढायची की ठेवायची ते तू ठरव. पण ऐकून ठरव. आणि ऐकलंस की मला युक्तिवाद पाठवू नकोस. काय ऐकू आलं तेवढं लिही. कोर्टाने त्या बाईला तेवढंच विचारायला हवं होतं.

धाकटी

*

५ जून

प्रिय धाकटीस,

आशीर्वाद लिहिणार होतो. या पत्रात तो शोभणार नाही.

हेडफोन माझ्याकडे नव्हते. दुकानातील मुलीने विचारले, कशासाठी हवेत. ‘एका साक्षीसाठी’ असे म्हणालो. तिने मधल्या किमतीचे दिले.

आठ दिवस ते टेबलावर पडून होते. मी त्यांच्याभोवती फिरत होतो. काल दुपारी लावले. जे ऐकू आले ते क्रमाने लिहितो.

प्रथम खुर्ची सरकते. तिचा एक पाय आखूड असावा. मग ठिणगी लांबून काहीतरी विचारते. मग तू बोटाने टेबलावर दोनदा टकटक करतेस. तिसरी टकटक होत नाही. तिच्या जागी तू श्वास घेतेस. येथे मी नोंद थांबवली. शाळेच्या संमेलनात तू सात वर्षांची असताना पडद्यामागच्या फळीवर असेच दोनदा ठोकून गायला उभी राहिली होतीस, आणि मी पेटीच्या शेजारी उभा राहून तिसऱ्या ठोक्याची वाट पाहत होतो. तुझा आवाज सुरू होण्यापूर्वीच मला तू कळलीस. हे कसे कळले, असे कोणी विचारले तर माझ्यापाशी प्रमाण नाही.

पुढे चार मिनिटे अकरा सेकंद तू गातेस. पहिल्या तीन ओळींत तू शब्दांची वाट पाहते आहेस असे वाटते: प्रत्येक ओळीचे तोंड उघडे राहते. चौथीपासून तू वाट पाहणे सोडून देतेस. सहाव्या ओळीत आवाज एका ठिकाणी फाटतो. तू मागे जात नाहीस. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडीचे दार लावते. बाराव्या ओळीच्या शेवटी जो लांब सूर आहे, तेथे तू सूर लावतच नाहीस. तेवढा वेळ थांबतेस. पाववाल्यांचा ठोका मागे चालू राहतो आणि ती जागा रिकामी आहे, हे ऐकू येते. ती जागा माझी होती.

शेवटी तू हळूच म्हणतेस, “झालं, बंद कर.”

नोंद राहील. मी ठिणगीला तसे कळवले आहे, लेखी कारणासह. कारण एवढेच लिहिले की मी ती ऐकली. सतरा ओळी ऑपेरातून काढून घेतल्या आहेत. तिसऱ्या अंकाचे गाणे काल रात्री आणि आज सकाळी ऐकले. मोजणीदारांची क्षमा मागितली. त्यांचे उत्तर आले, ‘मिळाली’.

भेटीस यावे, असे मनात आहे. या खेपेस चहा अर्धा ठेवून उठण्याची माझी तयारी आहे, किंवा तू म्हणशील तोवर बसून राहण्याची.

आता या कागदपत्रांच्या आरंभी मांडलेली प्रतिज्ञा मागे घेतो. कारण मागणे ही माझी चूक नव्हती. उत्तर शोधण्यास वेळ लागला, हीही नव्हे. मला ठाऊक नव्हते, हे विधान सत्य आहे आणि निरुपयोगी आहे, कारण ठाऊक होऊ नये अशी व्यवस्था मीच केली होती.

चूक एक आहे. फोल्डर ऑक्टोबरपासून उघडा होता. त्यात माझी बहीण गात होती. मी ऐकले नाही.

सही,
दादा